भांडी वाजतात ते गाव

कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन भेटतात. तो प्रीतिसंगम पाहायला पुष्कळजणी जातात. पण तिथूनच पाटणचा रस्ता धरला, तर दीड-दोन तासांत कोयनानगर येतं, तिथवर मात्र थोड्याच पोचतात. पावसाळा नुकताच सरलेला असावा. डोंगर हिरवेगार, शिवसागर जलाशय भरलेला, आणि नेहरू उद्यानात उभं राहिलं की समोर १०३ मीटर उंचीची धरणाची भिंत! हे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटात उतरतं आणि त्यावर वीज तयार होते. आपल्या घरचा मिक्सर फिरतो, त्यात या पाण्याचाही वाटा आहे.

गावात चहाला टेकलो. टपरीवरच्या मावशींना भूकंपाचं विचारलं, तर कपबशा विसळता विसळता त्या म्हणाल्या, "अवो ताई, मांडणीवरची भांडी वाजली की समजायचं, आला म्हणून. बारक्या धक्क्याला आता कोण उठतंय?" त्यांची मांडणी मात्र पाहण्यासारखी होती. जड पितळी पातेली सगळी खाली, वरच्या फळीवर नुसते हलके डबे.

या शहाणपणामागे मोठं दुःख आहे. ११ डिसेंबर १९६७. पहाटे सव्वाचारच्या सुमारास, सगळं गाव गाढ झोपेत असताना ६.३ रिश्टरचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसं दगावली, असंख्य घरं कोसळली, मुंबई-पुण्याची माणसंही दचकून जागी झाली. धरणाच्या उंच भागात तडे गेले, पण भिंत उभी राहिली. पुढं ती भक्कम करण्यात आली.

हे झालं कसं? पायाखालची जमीन आपल्याला अखंड वाटते, पण खोलवर तिला भेगा असतात. त्यांना प्रस्तरभंग म्हणतात. भारताचा अख्खा भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि त्याचा ताण आतल्या खडकांवर येत राहतो. भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट धरून असतात, म्हणून वर्षानुवर्षं काहीच हलत नाही. पावसाळ्यात फुगलेला ड्रॉवर आठवा. ओढतो, ओढतो, तो ढिम्म. आणि मग एकदम हिसका बसून असा सुटतो, की आतले चमचे खणखणतात. तसंच खडकांची पकड सुटली, की साठलेला ताण एका क्षणात मोकळा होतो. तोच भूकंप. कोयनेला भेगेच्या दोन बाजू एकमेकींना घासून आडव्या सरकल्या.

मग धरणाचा संबंध काय? १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागलं आणि त्यानंतर लहान धक्के जाणवू लागले. ओल्या ओट्यावर उपडं ठेवलेलं गरम पातेलं कधी कधी आपोआप सरकतं, ते पाहिलंय ना? खाली कोंडलेली हवा आणि पाणी त्याला किंचित उचलून धरतात. जलाशयाचं पाणीही खोल भेगांत मुरतं, आतून दाब देतं आणि खडकांची पकड सैल करतं. ताण आधीचाच; पाण्यानं फक्त निमित्त दिलं. पावसाळ्यानंतर इथले धक्के वाढतात, असं शास्त्रज्ञांना आढळलं आहे. १९६७ पासून ५ रिश्टरहून मोठे असे वीसहून अधिक भूकंप या छोट्याशा टापूत झाले. म्हणूनच जवळच्या गोठणे गावी तीन किलोमीटर खोल भोक पाडून जमिनीच्या पोटात काय चाललंय, ते तपासलं गेलं. वरचा काळा कातळ किलोमीटरभर जाडीचा, त्याखाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक, आणि भूकंपांचा जन्म त्या खालच्या खडकात!

भूकंप केव्हा होईल, हे आजही आधी सांगता येत नाही. पण माणसं बहुधा भूकंपानं नव्हे, पडत्या भिंतींनी मरतात. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत हेच झालं. तीही पहाटच होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या आणि हजारो जीव गेले.

तेव्हा जमिनीवर आपला ताबा नसला, तरी घरावर आहे. जड पेट्या माळ्यावर किंवा पलंगाच्या वर ठेवू नका. लोखंडी कपाट भिंतीला पक्कं करून घ्या. धक्का बसला तर भक्कम टेबलाखाली बसा, डोकं झाका, लिफ्टकडे धावू नका. हादरा थांबला की आधी गॅस बंद करा. मुलांनाही हे एकदा करून दाखवा.

कोयनानगरला जरूर जा. धरण बघा, बाग बघा, आणि तिथल्या घरांतल्या मांडण्यांकडेही एक नजर टाका. जिथं जमीन हलते, तिथल्या बायकांनी आपलं घर कसं लावलंय, हेही पाहून शिकण्यासारखं आहे.