दुरुस्ती कुठल्या ब्रँचवर?

चाचणीसाठी काढलेल्या आवृत्तीचं नाव एकदा लोकांच्या हातात गेलं की ते दुसऱ्या कोडला द्यायचं नसतं. गिटच्या टॅगविषयीच्या अधिकृत माहितीतच हे स्पष्ट लिहिलंय: चुकीचा टॅग जाहीर झाला असेल तर चूक कबूल करा आणि नवं नाव घ्या. मी हे वाचलेलं होतं. तरीही टॅग हलवला.

आमचा मुक्तस्रोत प्रकल्प लहानसा आहे. युनिकोड रुळायच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारं साधन आम्ही बनवतो. कोड लिहिणारे मोजके, तपासणारे त्यांच्याहून थोडे जास्त. तपासणाऱ्यांत एका जिल्ह्याच्या गावी साप्ताहिक चालवलेले निवृत्त संपादक होते, पुस्तकांची प्रुफं वाचणाऱ्या एक बाई होत्या, ग्रंथालयातली काही माणसं होती. कुणाची ब्रँच कधी मर्ज करायची, चाचणी आवृत्ती कधी काढायची आणि काय पुढच्या खेपेला ढकलायचं, हे ठरवणं माझ्याकडे होतं.

२.० आरसी१, म्हणजे २.०ची पहिली चाचणी आवृत्ती, काढली आणि लगेच लक्षात आलं की एका फाँटचा अक्षरतक्ता पॅकेजमध्ये आलेलाच नाही. दुरुस्ती एका ओळीची होती. सरळ आरसी२ काढायला हवी होती. पण तासाभरात दुसरी आरसी काढणं मला कमीपणाचं वाटलं. जुना टॅग पुसला, त्याच नावाने नवा लावला आणि जबरदस्तीने पुश केला. ज्यांच्याकडे आधीचा टॅग उतरलेला असतो, त्यांच्याकडे तो साध्या फेचने बदलत नाही. त्यामुळे आरसी१ या एकाच नावाखाली दोन वेगळे कोड फिरू लागले. बाईंनी कळवलं, "पहिलंच पान वाचता येत नाहीये." संपादकांनी त्याच फाँटबद्दल कळवलं, "उत्तम चाललंय." मी दोघांना त्यांच्या संगणकाबद्दल प्रश्न विचारत बसलो. कमिटचा हॅश मागण्याचं सुचलं तेव्हा उलगडा झाला. दोघंही खरं सांगत होते आणि दोघांचाही वेळ मी वाया घालवला होता. बाईंनी तर आपल्याच हातून काहीतरी चुकलं असेल असं समजून सगळं नव्याने बसवून पाहिलं होतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

लिनक्स कर्नलच्या ५.१२ आवृत्तीच्या वेळी, २०२१ साली, मोठा पेच आला होता. आरसी१मध्ये स्वॅप फाइलचा बग निघाला. स्वॅपमधली माहिती डिस्कवर भलत्याच जागी लिहिली जायची आणि फाइलसिस्टिम उद्ध्वस्त व्हायची. लिनस टोरवाल्ड्स यांनी त्या टॅगच्या नावापुढे 'वापरू नका' अशा अर्थाची इंग्रजी जोड लावली, सगळ्यांना कळवलं आणि आरसी२ ठरल्या वेळेआधी काढली. त्या नावाने दुसरा कोड दिला नाही. तिथे एक गोष्ट मला आधी कळली नव्हती ती कळली. अनेक डेव्हलपर आपली नवी ब्रँच आरसी१वरून काढतात. पुढे कधीतरी कुणी बग शोधायला बायसेक्ट लावला, तर तो त्या ब्रँचच्या वाटेने नेमका त्या घातक कोडवर जाऊन थांबू शकतो. म्हणून आरसी१वरून ब्रँच काढू नका, असंही त्यांना सांगावं लागलं. चाचणी आवृत्ती तपासणाऱ्यांपुरती असते, हा माझा समज इथे खोटा ठरला.

नावाबाबत आणखी एक चूक झाली. डेबियनच्या पॅकेजला मी '२.०आरसी१' असं सरळ जोडून नाव दिलं. डेबियनच्या क्रमात ते '२.०'च्या पुढचं ठरतं. मध्ये टिल्डचं चिन्ह घातलं तरच आधीचं ठरतं. परिणामी ज्यांनी आरसी तपासून दिली, त्यांच्याच मशीनवर पक्की आवृत्ती येईना. २.०.१ काढल्यावर ते सुटलं.

पण ज्या चुकीने खरं नुकसान केलं ती ब्रँचची होती.

२.०साठी आम्ही वेगळी रिलीज ब्रँच काढली होती, म्हणजे मुख्य ब्रँचवर पुढचं काम चालू राहील. आरसी२वर संपादकांचा निरोप आला, "अहो, सह्याद्रीच्या लेखात सगळीकडे दऱ्यांच्या जागी दर्या झालाय. हे चालायचं नाही." कारण लवकर सापडलं. 'ऱ्य' लिहिताना आमचं साधन र, हलन्त, मग न दिसणारं एक जोडचिन्ह आणि य असा क्रम लावायचं. मजकुरातली अदृश्य चिन्हं गाळायची पायरी आम्ही नव्याने घातली होती. तिने हेही चिन्ह गाळलं आणि 'र्य' उरलं. मी त्या पायरीतून हे चिन्ह वगळलं, दऱ्या, खऱ्या, शेतकऱ्यांना अशा शब्दांची चाचणी लिहिली आणि दुरुस्ती व चाचणी रिलीज ब्रँचवर टाकली. आरसी३ गेली. संपादकांनी तपासून होकार दिला. २.० बाहेर पडली.

मुख्य ब्रँचवर ती दुरुस्ती मी नेलीच नाही. सगळं निवळल्यावर एकदम मर्ज करू, असं म्हणत राहिलो. दरम्यान मुख्य ब्रँचवर त्याच फाइलची मोडतोड झाली होती, मर्जमध्ये गाठी पडणार हे दिसत होतं, म्हणून आठवतील त्या दुरुस्त्या हाताने चेरी-पिक केल्या. ही त्यातून सुटली. आणि चाचणीही तिच्यासोबतच मागे राहिल्यामुळे मुख्य ब्रँचवर सगळ्या चाचण्या हिरव्या दिसत राहिल्या. तेवढा हिरवा रंग मला पुरेसा वाटला. कर्नलच्या स्टेबल शाखांचा नियम याच्या उलट आहे: दुरुस्ती आधी टोरवाल्ड्स यांच्या मुख्य झाडात जायला हवी, मगच ती जुन्या शाखेत घेतली जाते. मला तो मोठ्या प्रकल्पांचा सोपस्कार वाटत असे.

२.१ला एकच आरसी काढली, तीही घाईत, कारण एका सहकाऱ्याची बराच काळ वेगळी वाढलेली ब्रँच शेवटच्या आठवड्यात घेतली होती. कर्नलमध्ये नवं काम घ्यायला साधारण दोन आठवडे असतात आणि पुढे आरसीमागून आरसी फक्त दुरुस्त्या जातात. शिवाय पुढच्या फेरीत येऊ घातलेल्या शाखा २००८पासून लिनक्स-नेक्स्ट या झाडात आधीच एकत्र करून पाहिल्या जातात, म्हणजे गाठी वेळेत दिसतात. आमच्याकडे त्या गाठी सोडवण्यातच आरसीचे दिवस गेले. संपादकांनी तो लेख पुन्हा तपासला नाही. का तपासावा? मीच त्यांना सांगितलं होतं की ते काम झालंय.

२.१ने एका ग्रंथालयाने जुन्या अंकांचा मोठा गठ्ठा बदलून घेतला आणि मग फोन आला. त्या संध्याकाळी मी संपादकांनाही फोन करून सांगितलं, तुमची दुरुस्ती माझ्याकडून हरवली. ते थोडं थांबून म्हणाले, "मला वाटलं होतं एकदा सांगितलं की सुटलं."

आता आमच्याकडे दुरुस्ती आणि तिची चाचणी आधी मुख्य ब्रँचवर जाते, तिथून रिलीज ब्रँचवर. रिलीज ब्रँचवरचं मुख्य ब्रँचवर नसलेलं काही दिसलं तर आरसी निघतच नाही. संपादकांचा लेख त्यांच्या परवानगीने चाचण्यांत घातलाय.

ग्रंथालयाकडे मूळ फाइली होत्या, त्यामुळे ते अंक पुन्हा बदलता आले. ज्यांनी मूळ ठेवलं नसेल त्यांच्यासाठी मी शोधून देणारी स्क्रिप्ट लिहिली. 'खर्या', 'दुसर्या', 'शेतकर्यांना' असे शब्द मराठीत नाहीत, ते ती स्वतः दुरुस्त करते. 'दर्या' आणि 'आचार्यांना' मात्र नुसते दाखवून थांबते. तिथे समुद्र होता की डोंगरातल्या दऱ्या, गुरुजन होते की स्वयंपाक करणारे आचारी, हे वाक्य वाचूनच ठरवावं लागतं. ते वाचन अजून चालू आहे आणि त्यातली काही पानं माझ्याकडे आहेत.