वाईलिमाची बेणणी

उष्ण कटिबंधातील दूरच्या बेटावर जाऊन राहण्याचे स्वप्न युरोपीय साहित्यात अठराव्या शतकापासून इतके रुळले आहे, की त्या बेटावर काम कोण करणार हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. फळे आपोआप पिकतात, पाणी झऱ्यातून येते आणि आलेला माणूस समुद्राकडे पाहत बसतो. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन (१८५०–१८९४) या स्कॉटिश लेखकाचे सामोआतील वास्तव्य या स्वप्नाचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितले जाते, आणि जवळून पाहिले तर तेच त्याचे सर्वांत सविस्तर खंडन ठरते. 'ट्रेझर आयलंड' (१८८३) लिहिले तेव्हा ज्याने उष्ण कटिबंधातले एकही बेट पाहिले नव्हते, त्याला पुढे अशा बेटावर खरोखर राहायला मिळाले, तेव्हा त्याच्या दिवसांचा मोठा हिस्सा तण उपटण्यात, वाटा काढण्यात, मजुरांवर देखरेख करण्यात आणि या साऱ्याचा खर्च भागावा म्हणून लिहिण्यात गेला.

अंगमेहनतीचे बांधकाम हा त्याच्या घराण्याचा व्यवसायच होता. आजोबा, वडील आणि काका दीपगृहांचे अभियंते होते आणि स्कॉटलंडच्या खडकाळ किनाऱ्यावरची अनेक दीपगृहे त्यांनी उभारली होती, त्यामुळे एकुलत्या एका मुलानेही तेच करावे अशी घरची अपेक्षा होती. १८६७ साली तो एडिंबरा विद्यापीठात अभियांत्रिकी शिकण्यासाठी दाखल झाला, १८७१ मध्ये दीपगृहातील उघडझाप करणाऱ्या प्रकाशावर निबंध वाचून त्याने रौप्यपदकही मिळवले, आणि त्याच वर्षी हा व्यवसाय आपल्याला करायचा नाही असे वडिलांना सांगून टाकले. पुढे घेतलेली वकिलीची सनद ही केवळ वडिलांची समजूत काढण्यासाठी होती. लहानपणापासून छाती कमकुवत, हिवाळा आला की अंथरूण आणि खोकल्याबरोबर रक्त, अशा प्रकृतीच्या माणसाला उत्तर समुद्रातल्या खडकावर उभे राहून दगड बसवून घेणे जमणारेही नव्हते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बोर्नमथ येथे १८८५ ते १८८७ या काळात तो ज्या घरात राहिला, त्याला काकाने बांधलेल्या स्केरीव्होर दीपगृहाचे नाव दिलेले होते. त्या घरातला बराचसा काळ मात्र धन्याने बिछान्यात काढला.

जून १८८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून भाड्याच्या शिडाच्या नौकेने तो पत्नी फॅनी, आई आणि सावत्र मुलगा लॉइड ऑस्बोर्न यांच्यासह पॅसिफिक महासागरात निघाला, तो प्रकृतीसाठी आणि प्रवासवर्णनाच्या करारासाठी. मार्केसास, ताहिती, हवाई, गिल्बर्ट बेटे अशी मजल करत डिसेंबर १८८९ मध्ये हे कुटुंब सामोआतील उपोलू बेटावरच्या आपिया बंदरात उतरले. इथे कायमचे राहण्याचा विचार तेव्हा पक्का नव्हता. जमीन मात्र जानेवारी १८९० मध्येच घेतली गेली. नंतर सिडनीत पुन्हा रक्तस्राव झाला आणि थंड हवेत परतणे शक्य नाही हे स्पष्ट झाले, तेव्हा हौसेने घेतलेल्या जमिनीचे घर करणे भाग पडले. सामोआच का, याचे एक कारण अगदी व्यावहारिक होते. सॅन फ्रान्सिस्को आणि सिडनी यांच्यामध्ये धावणाऱ्या आगबोटींचे टपाल इथे मिळत असे, आणि ज्याचे पोट हस्तलिखितांवर चालते त्याला निसर्गसौंदर्यापेक्षा टपालाची फिकीर अधिक असते. मित्र सिडनी कॉल्विन याला तो रोजनिशीसारखा मजकूर लिहीत जाई आणि महिन्याची डाक निघाली की त्याचे पत्र होऊन जाई. १८९५ साली पुस्तकरूपाने आलेली ही पत्रे आज त्या वसाहतीचा सर्वांत बोलका दस्तऐवज आहेत.

जमीन ३१४ एकर, आपियापासून काही मैल आत, वाएआ डोंगराच्या पायथ्याशी, झऱ्यांनी वेढलेली आणि जवळजवळ सगळी रानाने गिळलेली होती. वाईलिमा या नावाने ती ओळखली जाई. हॅरी मूर्स या अमेरिकन व्यापाऱ्याने पहिली रानतोड करवून घेतली आणि १८९० च्या शरदात नवराबायको एका तात्पुरत्या लाकडी खोपटात राहायला आली. कोकणात आंब्याकाजूच्या बागेतले वाढलेले रान कोयत्याने साफ करण्याला बेणणी म्हणतात. वाईलिमावर पहिले वर्ष जे चालले ते याहून वेगळे नव्हते, फरक इतकाच की तिथे साफ केलेली जागा काही आठवड्यांत पुन्हा हिरवी होत असे. यातला मुख्य शत्रू लाजाळू होते. मूळचे उष्ण कटिबंधीय अमेरिकेतले हे झुडूप कोणा हौशी माणसाने कौतुकाची वस्तू म्हणून कुंडीतून बेटावर आणले आणि आता सारे बेट त्याच्या ताब्यात गेले, अशी हकिकत स्टीव्हन्सनने कॉल्विनला चिडून कळवली आहे. मराठी माणूस या झाडाला पायवाटेच्या कडेला बोट लावून हसतो, कारण त्याला ते एकरांच्या हिशेबाने उपटावे लागत नाही. स्पर्श होताच मिटणारी पाने पाहून भावनाविवश होणाऱ्यांनी त्याचे काटे आणि जमीन घट्ट धरून राहणारी मुळे पाहिलेली नसतात, आणि स्टीव्हन्सनचे हात त्या काट्यांनी फाटलेले होते.

या कामाचे त्याच्या मनावर झालेले परिणाम परस्परविरोधी आहेत आणि त्याने ते लपवलेले नाहीत. एकीकडे तण काढणे आणि वाट करणे याइतके रंजक दुसरे काही नाही, मजुरांवर देखरेख करण्याचे तर व्यसनच लागते आणि आपण शेतकरीच होऊन जाऊ अशी धास्ती वाटते, असे तो लिहितो. तब्येतीला हे मानवते याचा आनंदही त्यात आहे. दुसरीकडे रानात एकटा उपटत बसला असता वनस्पतींची धडपड बोटांतून जाणवते आणि आपण हत्या करीत आहोत असे वाटू लागते, हेही त्याच पत्रांत येते. ज्याला आयुष्यभर स्वतःच्या छातीतल्या रोगाशी झुंजावे लागले, त्याने जगू पाहणाऱ्या झाडाचा प्रतिकार इतक्या बारकाईने टिपावा यात नवल नाही. मात्र जन्मभर रानात राबलेल्या कोणाला ही शिसारी सुचली असती का, अशी शंका राहते. ती चैन बेणणीवर ज्याचे पोट नसते त्यालाच परवडते.

आणि स्टीव्हन्सनचे पोट बेणणीवर नव्हतेच. कोकोच्या बिया नारळीच्या झापांच्या विणलेल्या टोपल्यांत रुजवण्यासाठी घरातले सगळे राबले, तरी मळ्याने घर पोसले नाही. लेखणीने मळा पोसला. परदेशी लाकडाचे दुमजली घर, पुढे त्याचा केलेला विस्तार, बोटीने आणवलेले वडिलोपार्जित सामान, इतक्या उष्ण बेटावर बांधलेली शेकोटीची चूल, आई, सावत्र मुले, नातू आणि नोकरचाकर यांचा संसार हे सारे 'द रेकर', 'कॅट्रिओना', 'द एब-टाइड' यांसारख्या पुस्तकांच्या मानधनावर चालले. पहाटे उठून दुपारपर्यंत लिहायचे हा शिरस्ता होता. हात लिहून लिहून आखडला तेव्हा सावत्र मुलगी बेल लेखनिक झाली. सामोआच्या पावसात बसून त्याने लिहिलेल्या उत्तम मजकुराचा मोठा भाग स्कॉटलंडविषयी आहे, आणि अपुरी राहिलेली 'वीयर ऑफ हर्मिस्टन' ही त्यातली सर्वांत समर्थ कादंबरी आहे.

फॅनीचा वाटा चरित्रकारांनी बराच काळ हात राखून सांगितला. बी-बियाणे मागवणे, भाजीचा मळा, डुकरे, कोंबड्या, आंबे आणि कॉफीच्या रोपांचे प्रयोग, पडलेले कुंपण, पळालेले मजूर हे सगळे तिच्या अंगावर होते आणि १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या रोजनिशीत ते नोंदलेले आहे. नवऱ्याने तिच्या मनाला शेतकऱ्याचे मन म्हटले, तेव्हा तो शब्द तिला खोल लागला. आपण कलावंत नाही, मातीत रमणारी आहोत, असा त्याचा अर्थ तिने घेतला. ज्या घरात मातीचे काम केल्याचा अभिमान लेखक पत्रातून मिरवत होता, त्याच घरात ते काम रोज करणाऱ्या बाईला ती उणीव म्हणून ऐकवली गेली, हा विरोधाभास त्या पत्रांत कुठे आढळत नाही.

मजुरांची बाजू याहून गुंतागुंतीची आहे. उपोलूवरचे मोठे मळे एका जर्मन कंपनीचे होते आणि त्यांवर सामोअन लोक मजुरीला जात नसत. सॉलोमन, गिल्बर्ट अशा बेटांवरून करारावर आणलेली माणसे तिथे राबत, आणि त्यांतली पळून गेलेली काही वाईलिमाच्या वरच्या रानात लपून असत. सामोआत जमीन आणि श्रम दोन्ही आइंगाचे, म्हणजे विस्तारित कुटुंबाचे असतात, आणि त्या कुटुंबाचा कारभार माताई हा निवडलेला प्रमुख पाहतो. स्टीव्हन्सनने आपल्या सामोअन माणसांशी मालक म्हणून वागण्याऐवजी माताईसारखे वागण्याचा प्रयत्न केला, त्यांच्याबरोबर रोज प्रार्थना केली, आणि सणावारी त्यांना स्कॉटिश चौकड्यांच्या कापडाचे लावालावा, म्हणजे कमरेला गुंडाळायचे वस्त्र, नेसवले. या वेषात हायलंडचा जमातप्रमुख होण्याची हौस स्पष्ट दिसते. तरीही 'तुसिताला', म्हणजे कथा सांगणारा, हे त्याचे नाव लोकांनी मनापासून वापरले, कारण 'द बॉटल इम्प' ही त्याची कथा १८९१ मध्ये मिशनच्या नियतकालिकातून सामोअन भाषेत आली होती आणि पुष्कळांना ती खरी घडलेली वाटली.

बेटावर स्थिरावणे म्हणजे बेटाच्या भांडणात पडणे, हे त्याला लवकर कळले. १८८९ च्या बर्लिन तहाने जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका या तीन सत्तांनी मालिएटोआ लाउपेपा याला राजा म्हणून मान्य केले होते, तर लोकांतील मोठा गट माताआफा या प्रतिस्पर्ध्याच्या मागे होता. स्टीव्हन्सनने माताआफाची बाजू घेतली, परकीय अधिकाऱ्यांच्या कारभारावर 'अ फुटनोट टू हिस्टरी' (१८९२) हे पुस्तक लिहिले आणि अधिकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. जुलै १८९३ च्या युद्धात माताआफा हरला, त्याला मार्शल बेटांवर हद्दपार केले गेले आणि त्याच्या बाजूचे प्रमुख आपियाच्या तुरुंगात पडले. स्टीव्हन्सन कुटुंबाने त्यांना अन्न आणि तंबाखू पोचवली. सुटका झाल्यावर १८९४ मध्ये त्या प्रमुखांनी वाईलिमाला मुख्य रस्त्याशी जोडणारी सडक मजुरी आणि भेटवस्तू दोन्ही नाकारून स्वतः बांधून दिली. करांखालोखाल सामोआत बंडाळी कशाने होत असेल तर ती रस्त्याच्या कामाने, हे कॉल्विनला कळवताना स्टीव्हन्सनला या सडकेचे मोल नीट ठाऊक होते. दीपगृहांच्या घराण्यात जन्मून अभियंता न झालेल्या माणसासाठी झालेले हे बांधकाम इतरांच्या हातांनी झाले, एवढे नमूद करायला हवे.

ऑक्टोबरमध्ये सडक पुरी झाल्यावर त्याने त्या प्रमुखांपुढे जे भाषण केले, त्यात चार वर्षांच्या बेणणीचा खरा निष्कर्ष आहे. देशाचे रक्षण भाल्याने वा बंदुकीने होत नाही. रस्ते करा, बागा लावा, झाडे जपा, त्यांचे उत्पन्न शहाणपणाने विका, कारण तुम्ही तुमची जमीन राखून वापरली नाही तर दुसरे कोणी वापरतील, असा त्याचा आशय होता. आयर्लंड आणि स्कॉटलंडचा डोंगराळ प्रदेश यांचे दाखले त्याने दिले, तसेच हवाईचाही. स्वतः ३१४ एकरांचा परदेशी धनी असलेल्या माणसाने हा इशारा द्यावा यात विसंगती होती, पण इशारा खोटा नव्हता.

३ डिसेंबर १८९४ रोजी संध्याकाळी मेंदूत रक्तस्राव होऊन त्याचा मृत्यू झाला, आणि वाएआच्या माथ्यापर्यंत शवपेटी नेण्यासाठी सामोअन माणसांनी कोयते-कुऱ्हाडींनी रानातून वाट काढली. १८९९ मध्ये सत्तांनी बेटे आपसांत वाटून घेतली आणि १९०० साली पश्चिम सामोआवर जर्मन निशाण चढले. ज्या कोकोने वाईलिमाला कधी पैसा दिला नाही, तो या राजवटीत निर्यातीचे महत्त्वाचे पीक झाला आणि मळ्यांवर राबण्यासाठी १९०३ पासून चिनी करारबद्ध मजूर आणले गेले. फॅनीने विकलेले घर पुढे जर्मन गव्हर्नरचे आणि १९१४ नंतर न्यूझीलंडच्या प्रशासकाचे निवासस्थान बनले. १९६२ मध्ये सामोआ स्वतंत्र झाल्यावर ते सामोअन राष्ट्रप्रमुखाकडे आले, आणि १९९४ पासून ते स्टीव्हन्सनचे संग्रहालय म्हणून उघडे आहे.