निघण्याचं कारण

अलिबागहून दक्षिणेकडे जाणारा सागरी रस्ता नकाशात साधा दिसतो. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला समुद्र आणि मधून किनारा धरून गेलेली एक रेघ. सायकलवर बसलं की कळतं, कोकणात किनाऱ्याकिनाऱ्याने सरळ जाता येत नाही. थोड्या थोड्या अंतरावर एकेक नदी समुद्राला मिळते, तिची खाडी होते आणि रस्ता त्या खाडीपर्यंत उतरतो. पलीकडे गेलं की लगेच चढ. चढ संपला की जांभ्याचा उघडा सडा, सडा संपला की पुन्हा उतार, पुन्हा खाडी. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. प्रत्येक ठिकाणी सायकली फेरीबोटीत चढवायच्या, पाच-दहा मिनिटं पाय मोकळे करायचे आणि उतरल्या उतरल्या सगळ्यात हलक्या गिअरवर समोरची घाटी चढायला घ्यायची. पुढे पूल आहेत, पण चढ-उतारांचा क्रम बदलत नाही. तेरेखोलपर्यंत हा रस्ता ५०० किलोमीटरच्या वर आहे, आणि त्यातला सपाट भाग फार थोडा.

आम्ही सगळ्या पुण्याच्या. बँकेतून निवृत्त झालेल्या एक ताई, शाळेत शिकवणाऱ्या दोघी, एक फिजिओथेरपिस्ट, आयटीत नोकरी करणाऱ्या काही जणी, घरून डबे पुरवणारी एक. धाकटी पंचविशीतली, थोरली साठी ओलांडलेली. आठवीनंतर हायस्कूलसाठी लांब चालत जावं लागतं अशा वाडीवस्तीवरच्या मुलींना सायकली घेऊन द्यायच्या, हा आमचा हेतू. त्यासाठी निघण्याआधी दोन-तीन महिने आम्ही देणग्या मागत होतो. कुणी सोसायटीत, कुणी भिशीत, कुणी ऑफिसात. किलोमीटरमागे ठरावीक रक्कम, अशी साधी बोली.

‘पैसे द्यायचे तर सरळ द्या, त्यासाठी एवढी पायपीट कशाला?’ असं बऱ्याच जणांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. माझ्यापुरतं उत्तर असं की देणगी मागणाऱ्याने आधी स्वतःचं काही खर्ची घातलं असेल, तर त्याचा शब्द वेगळा पडतो. मी रोज पहाटे सिंहगड रस्त्याला सराव करते हे पाहिलेल्या शेजाऱ्यांना फारसं काही समजावून सांगावं लागलं नाही. पण पैसे मागताना मला आणखी एक गोष्ट जाणवली. आमच्यातल्या कितीतरी जणींनी आयुष्यात कुणाकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. नवी सायकल घेतानाही घरात आठवडाभर चाचपडत बोलणाऱ्या बायका, अनोळखी दुकानदाराकडे मुलींच्या सायकलींचे पैसे मागताना मोकळ्या आवाजात बोलत होत्या. दुसऱ्यासाठी मागायला आम्हाला लाज वाटत नव्हती.

वाटेत टपरीवर थांबलं की पहिला प्रश्न, कुठून आलात? दुसरा, कुठे चाललात? आणि तिसरा, कशासाठी? ‘मुलींना सायकली द्यायच्या आहेत, त्यासाठी’ असं सांगितलं की समोरचा चेहरा निवळायचा. कुणी चहाचे पैसे घेत नसे, कुणी कोकम सरबताचा आणखी एक ग्लास पुढे करी. एका गॅरेजवाल्याने हातातलं काम सोडून आमच्यातल्या एकीची सतत उतरणारी चेन ठीक करून दिली आणि पैसे विचारले तर ते मुलींच्या खात्यात घाला म्हणाला. ही माया खरी होती आणि तिने आम्हाला पुढे नेलं. तरी चढावर, जिथे बोलायला श्वास उरत नाही आणि प्रत्येक जणी आपापली एकटी असते तिथे, एक विचार माझा पिच्छा सोडत नव्हता. ‘कशासाठी?’ला आम्ही ‘जावंसं वाटलं म्हणून’ असं उत्तर दिलं असतं तर?

कारण याच आम्ही, याच रस्त्याने जायचं काही वर्षांपूर्वी ठरवलं होतं. तेव्हा बेताला कुठलंही सत्कार्य जोडलेलं नव्हतं. एकीच्या मुलाची दहावी निघाली, एकीच्या सासऱ्यांचं पथ्यपाणी, एकीची रजा. बेत विरून गेला. आम्हाला कुणी नको म्हटलं नव्हतं; तशी वेळच आली नाही, आम्हीच एकेक करून मागे सरलो. या वेळी अडचणी तेवढ्याच होत्या, पण घरं आपणहून पुढे झाली. ‘चांगल्या कामाला चालली आहेस, जा. इकडचं आम्ही बघू,’ असं माझ्या सासूबाई म्हणाल्या, आणि मनापासून म्हणाल्या. आमचे पाय तेच, रस्ता तोच. बदललं होतं ते एवढंच, की आता निघण्याला दुसऱ्या कुणाच्या भल्याचं कारण मिळालं होतं.

आपल्याकडच्या बायका पूर्वी घराबाहेर पडतच नव्हत्या, असं म्हणता येत नाही. त्या आळंदीहून पंढरपूरला चालत गेल्या, काशी-रामेश्वर करून आल्या, नर्मदेच्या काठाने हिंडल्या. पण पाऊल उंबऱ्याबाहेर पडायचं ते पुण्याच्या नावाने. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाईला वाटेत कुणी हटकत नाही. तिला चालण्याचा आनंद होत असेल, मैत्रिणींची सोबत हवी असेल, उघड्या आभाळाखाली दोन रात्री काढाव्याशा वाटत असतील, तर ते सगळं तिने त्या तुळशीच्या सावलीत करून घेतलं. मी वारीला कमी लेखत नाही. तिथली श्रद्धा खरीच आहे. मी एवढंच म्हणते की श्रद्धेशिवाय निघण्याचा दुसरा मार्ग तिला फारसा कुणी ठेवला नव्हता.

दूरदेशीही फार वेगळं नव्हतं. १८९४ साली ॲनी कोपचोव्स्की नावाची तीन लहान मुलांची आई बॉस्टनहून सायकलीने जगप्रवासाला निघाली. लंडनडेरी नावाच्या पाण्याच्या कंपनीने तिला १०० डॉलर दिले, म्हणून तिने प्रवासात तेच आडनाव लावलं. निघताना अंगात लांब घागरा आणि हाती बायकांची जड सायकल होती; शिकागोला पोचल्यावर तिने पुरुषांची हलकी सायकल घेतली आणि सायकलिंगला सोयीचा पोशाख केला. बरंचसं अंतर तिने आगबोटीने काटलं, पण १८९५ मध्ये ती जगाला फेरी घालून परतली. बाईला हे जमणार नाही अशी दोन धनिकांनी पैज लावली आहे आणि ती खोटी पाडायला आपण निघालो आहोत, असं ती सांगत असे. ही पैज बहुधा तिनेच रचलेली असावी, असं तिच्या चरित्राचा शोध घेणाऱ्यांना वाटतं. मला यात लबाडी दिसत नाही. ‘मला जग बघायचं आहे’ हे वाक्य त्या काळात एका आईच्या तोंडी पुरेसं ठरलं नसतं, म्हणून तिला पैजेची गोष्ट लागली.

आपल्या महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर लांबच्या सायकलप्रवासाला मोठं प्रयोजन दिलं ते बाबा आमट्यांनी. २४ डिसेंबर १९८५ रोजी, साने गुरुजींच्या जयंतीच्या दिवशी, कन्याकुमारीहून भारत जोडो अभियान निघालं. मणक्याच्या दुखण्यामुळे बाबा सोबतच्या बसमध्ये आडवे होऊन आणि तरुण सायकलींवर, असा तो काफिला काश्मीरकडे गेला. त्या तरुणांत मुलीही होत्या. देश जोडायचा म्हटल्यावर त्या काळातल्या आईवडिलांनी मुलींना महिनोन्महिने दूर पाठवलं. मोठ्या कामात हे बळ असतं, आणि ते मी मनापासून मानते. घराचं दार ते उघडतं आणि बाहेर पडलेल्या मुलीला स्वतःपेक्षा मोठं काहीतरी दाखवतं.

आमच्या वाटेवर अशी दारं रोज उघडत होती, आणि त्याला एक अगदी रोकडं कारण होतं. रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर बायकांसाठी स्वच्छतागृह नसतं. पुरुष सायकलवाले कुठेही आडोशाला थांबतात. आम्हाला कुणाचं तरी घर गाठावं लागायचं. त्यामुळे पुरुषांच्या गटाला जे कोकण दिसत नाही ते आम्हाला दिसलं. आम्ही पडवीतून परसात गेलो, स्वयंपाकघरात पाणी प्यायलो, गरम घावण्याचा घास तिथेच उभ्याने खाल्ला. एकीची पाळी अवेळी आली तेव्हा एका घरातल्या मुलीने काही न विचारता पॅड आणून दिलं. घरोघरच्या बायकांचे प्रश्न ठरलेले असत. मुलं कुणाकडे ठेवली? घरी जेवण कोण करतं? हे त्यांनी टोचून विचारलं नाही. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं की हे कसं जमवतात.

विजयदुर्गच्या अलीकडे एका घरी पन्नाशीची एक बाई म्हणाली, तिलाही सायकल येत होती. माहेरी असताना हायस्कूलला सायकलीने जायची. लग्नानंतर कधी बसली नाही. का? तर कशाला बसायचं, कामच पडलं नाही. आमच्यातल्या ताईंनी आपली सायकल तिच्यापुढे धरली. तिने पदर खोचला, खळ्यात एक चक्कर मारली, मग दुसरी, मग विचारता विचारता फाटकातून बाहेर रस्त्यावर गेली आणि बऱ्याच वेळाने परत आली. तिची सून दारात उभी राहून पाहत होती. सासूला सायकल येते हे तिला ठाऊकच नव्हतं.

देवगडकडच्या सड्यावरच्या एका शाळेत आम्ही थांबलो, तिथल्या मुलींना सायकली मिळणार होत्या. शिक्षणहक्क कायदा वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत हात धरतो. त्यापुढचं हायस्कूल बहुतेक वाडीपासून दूर असतं. एसटीची वेळ चुकली की शाळा बुडते. शाळा वारंवार बुडू लागली की मुलगी घरी बसते. सायकलीने यात किती फरक पडतो, हे बिहारमध्ये मोजून झालं आहे. तिथल्या सरकारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात या योजनेमुळे माध्यमिक शाळेतल्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. मुलगे आणि मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी घटली. शाळा जिथे तीन किलोमीटरहून लांब होती तिथे फायदा अधिक होता. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळतात. आमचा वाटा यात चिमूटभर, पण ज्या मुलीच्या हाती सायकल पडते तिच्यासाठी तो पुरा असतो.

शाळेतल्या एका मुलीला मी विचारलं, सायकल मिळाल्यावर कुठे कुठे जाशील? शिक्षक शेजारी होते म्हणून ती आधी ‘शाळेत’ म्हणाली. मग हळूच म्हणाली, ‘आणि मावशीकडे. आणि किल्ल्यावर. आणि अशीच.’

‘अशीच’ जाता येणं किती मोलाचं असतं, हे तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टईच्या बायकांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिलं होतं. शीला राणी चुंकत तिथल्या जिल्हाधिकारी होत्या. साक्षरता मोहिमेत त्यांनी अक्षरओळखीबरोबर सायकल शिकवणंही घेतलं. खाणीत, शेतात राबणाऱ्या, बहुतांश गरीब घरच्या एक लाखाहून अधिक बायका सायकल शिकल्या. १९९२च्या महिलादिनी दीड हजारांवर बायका सायकलींवरून शहरात आल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यांच्याविषयी सविस्तर लिहिलं आहे. लेडीज सायकली मिळेनाशा झाल्या तेव्हा त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं म्हणून काहींना त्याच पसंत पडल्या. सुरुवातीला पुरुषांची टिंगलटवाळी झाली, ती पुढे विरली. सायकल आली साक्षरतेच्या कामासाठी, पण बायकांनी ती पाण्याला नेली, बाजाराला नेली, लेकरांना शाळेत सोडायला नेली. आणि शिकताना सगळ्यात जास्त सुख कशाचं, तर कुणाच्या पाठीमागे न बसता आपलं आपण जाता येतं, याचं.

आमच्याही बाबतीत हेच झालं. आम्ही निघालो मुलींसाठी, आणि ते काम आम्ही पार पाडलं, याचा मला अभिमान आहे. पण आरे-वारेच्या वळणावर समुद्र एकदम खाली उघडा पडला आणि आम्ही सगळ्या ओरडत त्या उतारावर सुटलो, तेव्हा आमच्यातल्या कुणाच्या मनात देणगीचा आकडा नव्हता. तो आनंद आमचा होता, आमच्या पायांनी कमावलेला. तो कुणाच्या भल्याच्या नावावर मांडायची गरज नाही. चांगल्या कामाची ढाल पुढे धरून बाहेर पडावं लागतं तोवर बाई पुरती मोकळी झाली नाही, असं मला वाटतं. आणि मोकळी झालेली बाई चांगलं काम सोडून देईल, ही भीती निराधार आहे. पुढच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा निघणार आहोत, देणग्याही जमवणार आहोत. फक्त घरी सांगताना या वेळी आधी सांगू की आम्हाला जायचं आहे, आणि सायकलींचं त्यानंतर.

तुमच्या घरातल्या, नात्यातल्या, गावातल्या एखाद्या मुलीला तुम्ही सायकल घेऊन देणार असाल, तर जरूर द्या. धूळ खात पडलेली जुनी असेल तर ती नीट करून द्या. पण देताना ‘शाळेपुरतीच वापर’ अशी अट घालू नका. शाळेत ती जाईलच. शाळा सुटल्यावर तिला जिथे जायचं असेल तिथेही जाऊ द्या, आणि आल्यावर तिच्याकडे कारण मागू नका.