मूर्तिजापूर, गाडी बदला!

मामाच्या गावाला जायचं म्हणजे मूर्तिजापूरला गाडी बदलायची. मुंबई-नागपूर मार्गावरच्या मोठ्या गाडीतून ट्रंका, पिशव्या आणि पोरं खाली उतरली, की आई आधी सगळं मोजून घ्यायची. मग आमची वरात छोट्या गाडीकडे निघायची. मामा दर्यापूरचा, तिकिटावर स्टेशन मात्र बनोसा.

छोटी गाडी म्हणजे शकुंतला. मूर्तिजापुरातून तिच्या दोन वाटा फुटत. एक लाखपुरी, दर्यापूर, अंजनगाव करत 76 किलोमीटरवरच्या अचलपूरला, दुसरी कारंजा, दारव्ह्यावरून 113 किलोमीटरवरच्या यवतमाळला. मोठ्या गाडीत माणसं घड्याळं बघत बसायची. इथे डब्यात पाय ठेवला, की समोरची अनोळखी बुढी विचारायची, "कुठी चालली वं माय?" आणि बनोसा येईस्तोवर दोन्ही घरांच्या सोयरिकी निघायच्या. कारंज्याकडच्या गाडीत दत्तभक्तांची दाटी असे. नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव ते!

हा रूळ मात्र मामाच्या गावासाठी घातलेला नव्हता, कापसासाठी होता. किलिक निक्सन या इंग्रज पेढीच्या कंपनीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो टाकला. वऱ्हाडची रुई मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला जाई. पण शकुंतलेचा रूळ अडीच फुटी आणि मुंबईचा साडेपाच फुटी. त्यामुळे प्रत्येक गाठ मूर्तिजापुरात उतरवून पुन्हा चढवावी लागे. या खोळंब्यावरच हमाल, चहावाले आणि खानावळी जगल्या. आम्हा पोरांनाही त्याच खोळंब्यात भजी मिळत, म्हणून मला तो अजून गोड वाटतो.

मँचेस्टरला कापूस गेला आणि तिथूनच 1921 साली घडलेलं इंजिन आलं. ते वाफेवर 1994पर्यंत धावलं, मग डिझेल. पुढेपुढे माणसं इतकी कमी झाली, की फाटक आलं की गाडी थांबायची, कर्मचारी उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन त्याची वाट बघायची. बाहेरचे हसायचे. आमच्या डब्यातून एवढंच यायचं, "जराशीक थांबा ना बाप्पा, येते तो!"

स्वातंत्र्यानंतरही मालकी कंपनीकडेच राहिली, याचं कौतुक वर्तमानपत्रांत फार झालं. रुळांच्या दुरुस्तीचं तेवढं झालं असतं, तर बरं होतं. शेवटी दोन्ही वाटांवरची गाडी थांबली. रूळ मोठे करण्याची घोषणा 2016 साली झाली.

ते काम पुरं झालं, तर मूर्तिजापूरला गाडी बदलण्याचं कारण उरणार नाही, माझी भजीही जातील. जाऊ द्या. अंजनगाव-दारव्ह्याच्या माणसाला एसटीशिवाय दुसरी वाट हवी. तुमचा आमदार-खासदार या दिवाळीत फराळाला आला, तर चिवड्याची बशी पुढे करण्याआधी त्याला शकुंतलेचं विचारा.