पाणवठ्यावर कळलं ते

रानडुकराबद्दलचा माझा राग जुना होता. कोकणात भाताला लोंब्या धरल्या की आजोबा रात्र रात्र माळ्यावर राखणीला बसत. एखाद्या रात्री त्यांचा डोळा लागे आणि सकाळी अख्खा कुणगा लोळवलेला दिसे. पुढे पशुवैद्य होऊन मी शिकायला स्पेनला गेले, तेव्हा हा राग बरोबर घेऊनच गेले.

तिथे विषय मिळाला तो रानडुकरांमधल्या क्षयाचा. मायकोबॅक्टेरियम बोव्हिस हा गुरांच्या क्षयाचा जंतू. तो माणसालाही लागतो. मध्य आणि दक्षिण स्पेनच्या काही भागांत निम्म्याहून अधिक रानडुकरांत हा रोग सापडतो. तपासणीत रोगी निघालेल्या गाईला कत्तलखाना चुकत नाही. मग डुकरांना सूट कशाला, सगळी मारून टाका, असं मी बैठकीतही ठासून सांगितलं होतं.

एकदा शवविच्छेदनाला वर्षाच्या आतलं पिल्लू आलं. जबड्याखालची लसिका ग्रंथी कापताना सुरी वाळूत फिरावी तशी करकरली. आत पिवळट, चुन्यासारखा घट्ट ऐवज. इतक्या कोवळ्या जिवाला एवढा रोग कुठून लागला? मला उत्तर सुचेना.

ऑगस्टमध्ये शिकारीसाठी राखलेल्या, कुंपण घातलेल्या एका रानात गेलो. ओढे आटले होते, पाणवठा एकच. दुपारी तिथे गाई पिऊन गेल्या. संध्याकाळी रखवालदाराने काठावर मका ओतला. हंगामात शिकार भरपूर मिळावी म्हणून हा रोजचा रतीब. थोड्याच वेळात डुकरं आली, मागून हरणं आली. सगळ्यांची तोंडं त्याच चिखलात, त्याच लाळेत. अंधार पडला तरी मी उठले नाही. कुंपण आपण घातलं, मका आपण टाकला, गाई आपल्या, आणि मी मात्र एकट्या डुकराला आरोपी ठरवून मोकळी झाले होते.

त्या रात्री ऑस्ट्रेलियातले शोधनिबंध पुन्हा काढले. तिथे उत्तरेकडच्या रानटी डुकरांत हाच क्षय पूर्वी खूप होता. रोगी गुरं आणि रानम्हशी हटवल्यावर डुकरांतलाही तो जवळजवळ संपला. १९९७ साली देश गुरांच्या क्षयापासून मुक्त जाहीर झाला. हे सारं मी आधीच वाचलेलं होतं. माझ्या मताला सोयीचं तेवढंच लक्षात ठेवलं होतं. याला अप्रामाणिकपणाच म्हणतात.

स्पेनमध्ये आज गाई नसल्या तरी डुकरांत रोग टिकून राहतो. त्यांची संख्या आवरावी लागते, हे मी अजूनही मानते. पण मका ओतणं थांबवायला हवं, गुरांचं पाणी वेगळं हवं, शिकारीनंतर रानात पडलेली आतडी उचलायला हवीत. हे न करता नुसती बंदूक चालवून रोग हटणार नाही.

आजोबांचं नुकसान खरं होतं. पण रोगाचं निदान रागाने करायचं नसतं. मी ते केलं, आणि चुकले.