पाच रुपयांचा वायसर

मोडलेली वस्तू टाकून देण्यास धैर्य लागते आणि ती दुरुस्त करण्यास कौशल्य लागते. आम्हां मध्यमवर्गीयांपाशी बहुधा ही दोन्ही नसल्यामुळे आमचे माळे भरलेले असतात. त्याच माळ्यावरून हत्यारांची पेटी खाली काढून तीवर पोट भरण्याचा प्रसंग आम्हांवर येईल असे कोणी पूर्वी सांगितले असते, तर आम्ही त्यास हसलो असतो.

सातपूरच्या बाजूस एका कारखान्यात आम्ही २६ वर्षे देखभाल खात्यात होतो. वयाच्या ५२व्या वर्षी ते खातेच बाहेरच्या कंत्राटदाराकडे गेले आणि आम्ही शाल व नारळ घेऊन घरी आलो. वेळ कसा जाईल ही विवंचना नव्हती. १८४० पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय नाशकात आहेच. विवंचना होती ती मुलीच्या शिक्षणाच्या उरलेल्या दोन वर्षांची. हाती आलेली रक्कम तिच्या नावे बाजूस ठेवून आम्ही १८,००० रुपये तेवढे भांडवल म्हणून वेगळे काढले.

स्नेह्यांनी धीर देण्यात कसूर केली नाही. १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविणाऱ्या लक्ष्मणरावांचे उदाहरण आम्हांस इतक्या वेळा ऐकविण्यात आले की, आम्हांस वाडी वसवावयाची नसून राहत्या घराचे हप्ते फेडावयाचे आहेत, असे अखेर सांगावे लागले. कोणी कर्जाचा मार्ग सुचविला. २०१५ च्या मुद्रा योजनेत तारणावाचून कर्ज मिळण्याची सोय आहे. २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यांत सुतार, लोहार, गवंडी हे सारे आहेत, परंतु 'पडेल ते दुरुस्त करणारा' असा कारागीर त्यांत नाही. रविवार कारंज्याच्या आसपास गाळा घ्यावयाचा तर कर्जावाचून गत्यंतर नव्हते. आम्ही गाळाच घेतला नाही. ज्या धंद्यात गिऱ्हाइकाच्या घरीच जावयाचे, त्यास दुकान हवे कशाला?

शिडीस २,८०० लागले, भिंतीस भोके पाडण्याच्या यंत्रास ३,२००, पाइप पाना, मल्टीमीटर वगैरेंस ३,०००. वायसर, टेफ्लॉन टेप, पंख्याचे कपॅसिटर, मिक्सरचे कपलर, बिजागऱ्या व स्क्रू यांत २,५०० गेले. उरलेले ६,५०० आम्ही आमच्या हातून होणाऱ्या नुकसानीसाठी राखून ठेवले. आणि हाच आमचा एकमेव दूरदर्शीपणा ठरला. दुसऱ्याच महिन्यात एका स्नानगृहात आरसा लावताना आमचे यंत्र थेट भिंतीतील नळीत शिरले, आणि पाण्याची धार समोरच्या भिंतीवर आदळू लागली. मुख्य झडप कोठे आहे हे आम्ही आधी विचारलेच नव्हते. फरशा व मजुरी मिळून २,४०० रुपये आम्ही भरले. तेव्हापासून कोणत्याही घरी गेल्यावर आमचा पहिला प्रश्न झडपेविषयी असतो. नवे वायरिंग हे परवानाधारकाचे काम, आणि गॅसची नळी ही गॅसवाल्यांची. त्यांस आम्ही हात लावीत नाही.

परंतु खरी अडचण हत्यारांची नव्हती, जिभेची होती. पहिले काम गंगापूर रस्त्यावर, आमच्या एका जुन्या वरिष्ठांच्या घरी निघाले. पंखा नुसता गुणगुणत होता, फिरत नव्हता. कपॅसिटर बदलताच तो फिरू लागला. बाईंनी पैशांचे पाकीट उघडीत विचारले, "किती द्यायचे?" आणि आमच्या तोंडून निघून गेले, "छे, राहू द्या!" ज्यांच्याबरोबर २६ वर्षे चहा प्यालो, त्यांच्याच घरी मजुरीसाठी हात पुढे करणे आम्हांस साधेना.

रात्री सौ. ने वही उघडली. कपॅसिटर ६०, पेट्रोल ४०, जमा शून्य. ती एवढेच म्हणाली, "अहो, दानच करायचे तर गंगेवर जाऊन करावे. त्यासाठी शिडी कशाला वाहून न्यायची?"

दुसऱ्या दिवशी दर ठरले. येण्याजाण्याचे व पाहणीचे २००, सुटे भाग दुकानाच्या पावतीप्रमाणे, आणि काम हाती घेण्यापूर्वी एकूण आकडा सांगावयाचा. दर ठरले खरे, परंतु त्यामुळे एक नवीनच गोष्ट ध्यानात आली. वस्तूचे पैसे देताना माणसाच्या कपाळास आठी पडत नाही. हाताचे पैसे देताना पडते. "पाच रुपयांच्या वायसरचे दोनशे पाच?" हा प्रश्न आम्हांस आजवर किती वेळा ऐकावा लागला असेल, याची गणती नाही. ठिबकणारा नळ पाहून त्यात वायसर गेला आहे की आतील बैठकच झिजली आहे, हे ओळखण्यास लागलेली वर्षे पावतीवर लिहिता येत नाहीत.

या प्रश्नाचा राग येण्याचा अधिकार मात्र आम्हांस नव्हता. आमचे नाशिक तांब्यापितळेच्या भांड्यांचे गाव. लहानपणी आमच्या वाड्याच्या अंगणात कल्हईवाले येत. खळगा खणून ते भाता मांडीत, तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकताच पांढरा धूर उसळे, आणि कापसाच्या बोळ्याखाली कथील फिरताच काळवंडलेले पातेले चांदीसारखे लखलखे. आम्ही पोरे भारावून बघत असू. त्याच वेळी ओट्यावरून आई दर भांड्यामागे घासाघीस करी. कथिलाचा भाव तिला ठाऊक होता, आणि धूर छातीत घेणाऱ्या माणसाचा भाव तिने कधी धरला नाही. तिला दोष कसा द्यावा? ती काटकसर करीत होती म्हणून आम्ही शिकलो. वर्षानुवर्षे ते आले. आम्ही त्यांस 'कल्हईवाले' म्हणत राहिलो. त्यांचे नाव आम्हांस आजही ठाऊक नाही.

वर्ष उलटले आहे. पगाराच्या निम्म्याहून थोडे अधिक हाती येते, आणि पावसाळ्यात, दारे फुगली म्हणजे, त्याहूनही थोडे अधिक. त्या वरिष्ठांकडे पुन्हा जाणे झाले. आकडा आधी सांगितला आणि त्यांनी तो दिला. चहाही झाला. जगबुडी झाली नाही.

गेल्या महिन्यात पंचवटीतील एका वृद्ध बाईंचे दार नीट बसवून दिले. पैसे मोजून झाल्यावर त्यांनी भिंतीवरील कालनिर्णय काढले आणि पेन्सिल हाती धरून विचारले, "नाव काय म्हणालात?" बहुतेक ठिकाणी आम्ही 'दुरुस्तीवाले काका' असतो. आम्ही नाव सांगितले. त्यांनी ते सावकाश, पूर्ण आडनावासह, लिहून घेतले. शिडी उचलून जिना उतरताना आम्हांस अंगणातील तो पांढरा धूर आठवला, आणि त्या माणसास आपण एकदाही नाव विचारले नाही, ही गोष्ट मनास लागून राहिली.