रोज दोन ओळी
अर्धवट शिवणाचे एखादे गाठोडे तुमच्याही कपाटात असेलच. माझ्याकडे सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांची गोधडी तीन वर्षे पडून होती. दर उन्हाळ्यात 'आठ दिवसांत संपवते' म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी मान धरायची.

यंदा सासूबाईंनीच सुई मागितली; पण त्यांना दोरा ओवता येईना. त्या काही बोलल्या नाहीत. मीच वरमले.

त्या दिवशी झेपेल एवढाच नियम घेतला. दुपारची भांडी आवरली की धावदोऱ्याच्या दोन ओळी. पाहुणे आले तर एक. हात शिवशिवले तरी जास्त नाही. कडेकडून मधे येत गेले.

काल मधला चौकोन भरला. सासूबाईंनी टाके बोटांनी चाचपले. म्हणाल्या, "थोडे वाकडे आहेत. आजच पांघरायला दे."